माचीवरचं बेट

पागोळ्यांखाली घागर, पातेलं, रंगाचा रिकामा डबा आणि कोपऱ्यात निळं पिंप. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या उधेवाडीत चिंब भिजून पोचलो, तेव्हा आधी डोळ्यांत भरली ती ही मांडामांड. पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन्ही बालेकिल्ले ढगांत गडप झाले होते. अंगणातून लाल पाण्याचा लोंढा उल्हासच्या दरीकडे पळत होता, आणि घरातल्या मावशी पागोळीची धार बरोबर तोंडात पडावी म्हणून घागर दोन बोटं इकडे सरकवत होत्या. एवढा धो धो पडतोय, मग हे कशाला, असं मी विचारलं. "तळ्याचं गढूळ झालंय दादा, हे निवळ आहे," त्या म्हणाल्या. मग घागरीकडे बघतच पुढे म्हणाल्या, "शिमगा सरला की हेच आठवतं."

त्या दिवसांत मी फुनाफुटीबद्दल वाचत होतो. प्रशांत महासागरात पॉलिनेशियाच्या पश्चिम अंगाला तुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, माणसं अकरा हजारांच्या आसपास. फुनाफुटी ही त्याची राजधानी. भूगोलाच्या पुस्तकात आपण कंकणद्वीप म्हणून जे शिकलो, ते हेच. मधे खाजण आणि भोवती पोवळ्याच्या तीसेक तुकड्यांचं तुटक कडं. खाजण पावणेतीनशे चौरस किलोमीटरांचं आणि कड्यावरची जमीन जेमतेम अडीच. समुद्रसपाटीपासूनची सगळ्यात जास्त उंची दोन पुरुषांच्या आत-बाहेर. तिथल्या घरांच्या छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे पत्र्याचं छप्पर, त्याच्या कडेची पन्हळ आणि पन्हळीखाली टाकी. उधेवाडीतलं निळं पिंप पाहिलं आणि ती छायाचित्रं आठवली.

आकडे ताडून पाहिले तर साम्य आणखी वाढतं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फुनाफुटीत साडेतीन हजारांच्या आसपास. पुण्यात सातशे पडला तरी वर्तमानपत्रं समाधान छापतात. म्हणजे ही दोन्ही ठिकाणं पुण्याच्या पाचपट ओली, आणि दोन्ही ठिकाणी माणसं तहानेचा हिशेब मांडून जगतात. बेट म्हटलं की आपण भोवतीचा समुद्र बघतो. माझ्या मते बेटाचा खरा नकाशा गोड्या पाण्याचा असतो: ते किती पडतं, कुठे थांबतं आणि कोण घेऊन जातं. त्या नकाशावर राजमाची हे नि:संशय बेट आहे, समुद्र पन्नास किलोमीटर लांब असला तरी.

आधी ही दोन्ही बेटं उभी कशावर आहेत ते पाहू. पोवळ्याचं बेट पोवळ्यावर उभं असतं, हे अर्धंच खरं. चार्ल्स डार्विननं १८४२ च्या पुस्तकात मांडलं की खाली ज्वालामुखीचा डोंगर असतो. तो हळूहळू खचत जातो आणि त्याच्या काठावरची पोवळी उजेडासाठी वर वर बांधत जातात. डोंगर बुडाला तरी कडं उरतं. हे तपासायला इंग्रजांनी १८९६ ते १८९८ या काळात नेमकं फुनाफुटीलाच भोक पाडलं. ३४० मीटर खोल गेले तरी पोवळंच लागत राहिलं. काळा खडक पुढे १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनेवेटाकला लागला, तोही सव्वा किलोमीटरहून खोल. डार्विन बरोबर होता, एवढं सिद्ध व्हायला एकशे दहा वर्षं लागली.

तो काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. आपला कातळ. राजमाची, ढाक, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे सगळं त्याच खडकाचं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेलं. आणि इथे गोष्ट नुसत्या साम्याच्या पुढे जाते. दख्खनचा हा लाव्हा ज्या तप्त ठिकाणातून वर आला, ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत गेला आणि मागे पाण्याखाली ज्वालामुखींची रांग पडत गेली. त्या रांगेच्या माथ्यावर पोवळ्यांनी घरं बांधली, तीच लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसची बेटं. म्हणजे खंडाळ्याच्या घाटात गाडीतून दिसणारा कडा आणि मालदीवचं पांढरं कडं हे एकाच चुलीवरचे दोन पदार्थ. एक पाण्याबाहेर उरला आणि दुसऱ्यावर पोवळ्याचं झाकण बसलं, इतकंच.

महाराष्ट्राचं स्वतःचं पोवळंही आहे, फक्त ते पाण्याबाहेर येत नाही. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात एक बुडीत पठार आहे. त्याचा माथा वीसेक मीटर पाण्याखाली आहे आणि त्यावर पोवळ्यांची वस्ती आहे. नकाशावर त्याचं नाव 'अँग्रिया बँक', म्हणजे कान्होजी आंग्र्यांचं पठार. याच कान्होजींनी बाळाजी विश्वनाथांशी १७१४ मध्ये लोणावळ्याला तह केला. जिंकलेला मुलूख त्यांनी परत दिला, पण राजमाची हातची सोडली नाही. बोरघाट आणि कोकण दोन्हींवर नजर ठेवणारी जागा दर्यावर्दी माणूस कशी सोडेल? एक माची डोंगरावर, एक पाण्यात, आणि दोन्हींवर एकाच घराण्याचं नाव. योगायोगच, पण मला तो आवडतो.

आता पाणी. हा या विषयाचा गाभा, म्हणून इथे जरा बसू.

पोवळ्याच्या बेटावर नदी नसते, ओढा नसतो, तळंही क्वचित. पाऊस पडतो तो वाळूतून आणि पोवळ्याच्या चुऱ्यातून सरळ खाली जातो. पण खाली समुद्राचं खारं पाणी मुरलेलं असतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. त्यामुळे ते त्यावर तरंगत राहतं, मधे फुगलेलं आणि कडेला निमुळतं, भिंगासारखं. नियम असा की समुद्राच्या पातळीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक हात वर असेल, तर खाली चाळीस हात गोडं पाणी असू शकतं. बेट अरुंद असलं की हे भिंग पातळ पडतं. उपसा जास्त झाला की खालून खारं वर येतं, आणि उधाण चढलं की वरून आत शिरतं. फुनाफुटीत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं धावपट्टी बांधली. भरावासाठी खोदलेल्या खड्ड्यांत खारं पाणी साचून राहिलं ते थेट २०१५ मध्ये ते बुजवेपर्यंत. आज तिथली बहुतेक भिस्त छपरावरच्या पावसावर आहे. २०११ मध्ये पावसानं बरेच महिने पाठ फिरवली, तेव्हा देशात आणीबाणी जाहीर झाली. घरटी दिवसाला ४० लिटर पाणी मिळू लागलं, आणि खाऱ्याचं गोडं करणारी यंत्रं विमानानं आणावी लागली.

घाटमाथ्यावर नेमकं उलटं. पोवळ्याचं बेट चाळणीसारखं, सगळं आत घेणारं. आपला कातळ पाटीसारखा, सगळं ओघळून देणारा. बेसॉल्टच्या थरांत एक थर पक्का, घट्ट काळा, त्यात पाणी शिरत नाही. त्याच्या वर-खाली मांजऱ्या खडक असतो, बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा, जरा मऊ, भेगाळलेला. दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा. पाणी मुरतं ते भेगांतून, अडतं ते पक्क्या थरावर, आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. पावसात असे शेकडो झरे असतात, दिवाळीला मोजके राहतात, आणि शिमग्यानंतर जे टिकतात त्यांनाच लोक 'जिवंत' म्हणतात. चार हजार मिलिमीटरचा बहुतेक भाग पडल्या दिवशीच कडा उतरून कोकणात पोचलेला असतो. फुनाफुटीत पाऊस बारा महिने थोडाथोडा येतो. इथे चार महिन्यांत सगळा व्यवहार उरकतो आणि आठ महिने वसुलीचे.

म्हणून मावळात माणसानं पहिल्यापासून एकच उद्योग केला: निसर्गानं जे भिंग दिलं नाही ते छिन्नीनं कोरलं. श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन्ही बालेकिल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी आहेत. खाली वाडीजवळ महादेवाचं देऊळ आहे आणि त्याला लागून घडीव दगडांचं तळं. उन्हाळ्यात त्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसलं की दगडावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा दिसतात, एकाखाली एक, वहीच्या पानासारख्या. सगळ्यात खालच्या रेघेखाली हिरवट डबकं, त्यात बेडूक, आणि कडेला घासलेल्या हंड्यांची राख.

हा उद्योग किल्ल्यांहून कितीतरी जुना आहे. भाजे लेण्यांत एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. महारथी कोसिकीपुत विण्हुदत यानं ही 'पोढी' दान दिली, असं तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मावळातला एक मोठा सरदार आपलं नाव दगडावर ठेवू पाहतो, आणि त्यासाठी त्याला टाकं पुरेसं वाटतं. कार्ले-भाजे पाहायला येणारे चैत्याच्या कमानीपुढे छायाचित्रं काढतात आणि टाक्याशेजारून पुढे जातात. मीही पहिल्या दोन-तीन खेपांना तसाच गेलो होतो.

जीवसृष्टीकडे वळलं की दोन्ही बेटांचा स्वभाव वेगळा पडतो. पोवळ्याच्या बेटावर सगळे पाहुणे. नारळ तरंगत आला, केवड्याचे भाऊबंद तरंगत आले, खेकड्यांची पिल्लं समुद्राच्या पाण्यातून आली, पक्ष्यांनी पायाला बिया चिकटवून आणल्या, आणि उरलेलं माणसांनी होड्यांतून आणलं. म्हणून हजार-दोन हजार किलोमीटर अंतरावरच्या बेटांवरही तीच ती झाडं. वनस्पतींच्या जाती थोड्या, त्यातही फक्त त्या बेटाच्याच अशा फारच थोड्या.

घाटमाथ्यावर सगळे जुने रहिवासी, आणि त्यांना निघता येत नाही. गोड्या पाण्यातला खेकडाच घ्या. समुद्री खेकड्याची पिल्लं पाण्यावर तरंगत लांब जातात. गोड्या पाण्याच्या खेकड्यात ती अवस्थाच नाही. मादीच्या पोटाखालून थेट इवला खेकडाच बाहेर पडतो आणि त्याच ओढ्यात राहतो. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायचं तर मधली कोरडी दरी त्याला समुद्राइतकीच अवघड. त्यामुळे सह्याद्रीत डोंगरागणिक खेकड्याच्या जाती वेगळ्या होत गेल्या, आणि गेल्या काही वर्षांत अभ्यासकांना नव्या नव्या जाती सापडत आहेत. वाडीतली पोरं मात्र पहिल्या पावसात बॅटरी घेऊन निघतात. त्यांच्या लेखी जाती दोनच, रश्शाला बऱ्या आणि नुसत्या नांग्यांच्या.

उघड्या कातळावर तर आणखी लहान बेटं असतात. जरा खोलगट जागा, त्यात बोटभर माती, त्यात चार महिन्यांचा संसार. गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. ही आसवं दिसायला गरीब, पण मातीतल्या फुग्यांत बारीक किडे ओढून खातात, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. उतारावर कारवी, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी. तिच्या काठ्यांचा कुड, वर शेणमातीचा लेप, ही इथल्या घराची जुनी भिंत. आता बहुतेक ठिकाणी विटा आल्या आहेत, तरी गोठ्याला कारवीच लागते.

मातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, दोन्हीकडे ती कमीच. वाडीत खाचरांतून भात आणि उतारावर नाचणी-वरई निघते, तेवढ्यावर वर्ष निघत नाही. बाकी गुरं, आणि अलीकडे पाहुणे.

वादळाचा हिशेब मात्र अनपेक्षित आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे नावाचं चक्रीवादळ फुनाफुटीवर आदळलं. घरं गेली, माणसं गेली, पण जाता जाता लाटांनी पोवळ्याचे दगड उपसून किनाऱ्यालगत १८-१९ किलोमीटर लांबीचा बांध घातला. पुढच्या वर्षांत तो ढिगारा बेटाकडे सरकला आणि जमिनीत भर पडली. १९७१ ते २०१४ या काळाची छायाचित्रं ताडून अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं की समुद्र चढत असतानाही तुवालूची एकूण जमीन जवळपास तीन टक्क्यांनी वाढली. याचा अर्थ धोका टळला असा नाही. जमीन वाढली तरी उधाण घरात शिरतंच आणि विहीर खारट होतेच. पण 'बुडणारं बेट' हे दोन शब्द वर्तमानपत्राला जितके सोपे, तितकी ती गोष्ट सोपी नाही.

आपल्याकडे पाऊस बांध घालत नाही, तो कापतो. जुलै २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. ती घाटाखाली खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत. लोणावळ्याच्या कड्यावरून तो सुळका स्वच्छ दिवशी दिसतो. २७ मृतदेह सापडले, पन्नासहून जास्त माणसं मिळालीच नाहीत. मदतीची माणसं रात्री चिखलातून चढत गेली, कारण वाडीला गाडीरस्ता नव्हता. त्यानंतर डोंगरावरच्या प्रत्येक वाडीत एकच प्रश्न पावसाबरोबर येतो: राहायचं की खाली उतरायचं? उतरायचं तर पुनर्वसनाचं घर मिळेल, पण गुरं कुठे बांधायची?

पाणी निघून जाण्याचा दुसराही मार्ग आहे, नळाचा. राजमाचीला जाताना वळवणचं धरण लागतं, पुढे शिरोता. टाटांच्या कंपनीनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेली ही तळी. घाटमाथ्याचं पाणी नळांतून पाचेकशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही कल्पना. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. अभियांत्रिकी म्हणून ते काम आजही थक्क करतं. मावळाच्या बाजूनं पाहिलं तर कड्यावरून फुकट उतरणारं पाणी नळातून उतरू लागलं, एवढाच फरक.

पवन मावळात प्रकरण जास्त कडवट. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं, आणि आज ते पिंपरी-चिंचवडला पाणी पाजतं. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजत पडलंय. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलनावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. तुवालूत त्याच साली पाण्यासाठी आणीबाणी लागली. तिकडे पाणी आलं नाही म्हणून, इकडे जातंय म्हणून.

माणसंही जातात. तुवालूनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० माणसांना तिकडे कायमचं राहायची मुभा मिळते, नावं सोडतीनं निघतात. २०२५ च्या पहिल्या सोडतीला देशातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांनी नावं दिली. राजमाचीला सोडत लागत नाही. दहावीनंतर पोरगा लोणावळ्याला नाहीतर कर्जतला खोली घेतो, मग तळेगावच्या कारखान्यात लागतो, मग लग्नात मुलीकडचे विचारतात, राहायला कुठे? जत्रेला आणि भातलावणीला तो येतो. लावणीलाही आता दरवर्षी येतोच असं नाही.

त्याच्या जागी शनिवारी-रविवारी शहर येतं. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे दोन शिंतोडे झाले की माचीवरच्या झाडांत काजवे लागतात. एक झाड लुकलुकतं, मग शेजारचं, मग अख्खी रांग एका लयीत. बघण्यासारखंच असतं ते. मात्र वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी नेमकी अशा आठवड्यात येते, जेव्हा तळ्यातलं पाणी शेवटच्या रेघेला असतं. पाहुण्याला पिठलं-भाकरी, चहा, हात धुवायला पाणी. मावशींनी हिशेब सांगितला: दहा पाहुणे म्हणजे किमान पाच हंडे, आणि हंडा तळ्यापासून डोक्यावर. पैसे बरे मिळतात, नाही म्हणायचं नाही. "पण जूनमध्ये पाऊस लांबला ना दादा, तर पाहुण्यांचा फोन आला तरी छातीत धस्स होतं."

त्यांच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे अळू आहे. काजव्यांच्या दिवसांत पुन्हा गेलो होतो, तेव्हा अख्ख्या वाडीत हिरवंगार असं तेवढंच दिसलं. तुवालूत अळू-सुरणाच्याच कुळातला पुलाका लावतात. बेटाच्या मधोमध माणूसभर खड्डा खणतात, खालच्या गोड्या पाण्याच्या भिंगापर्यंत, त्यात पालापाचोळा कुजवून माती करतात, आणि त्या मातीत कंद. खड्डा घराण्याचा असतो, वारसानं मिळतो. उधाणाचं खारं पाणी शिरलं तर तो काही वर्षं वाया जातो. मी मावशींना हे सांगितलं तर त्यांना खड्ड्यापेक्षा एकाच गोष्टीत रस: त्याला खाज असते का? असते म्हटलं, तेही खूप वेळ शिजवतात. "मग त्यांच्याकडे चिंच असेल का?" असं म्हणत त्यांनी पानं खुडली, देठ सोलले आणि हात धुतलेलं पाणी पुन्हा अळवाच्याच बुंध्याशी ओतलं.